भूकंपीय लहरींद्वारे तेलसाठ्यांचे उद्दीपन

भूकंपीय उद्दीपन ही जमिनीत कमी वारंवारतेच्या स्थितिस्थापक लहरी सोडून भूगर्भातील खनिज तेलाचा प्रवाह वाढवण्याची पद्धत आहे. भूकंपीय सर्वेक्षणातही अशाच लहरी वापरतात. मात्र तेथे परावर्तित लहरींवरून भूगर्भरचना जाणून घ्यायची असते, तर उद्दीपनात लहरींनी खडकातील द्रवाला गती देणे अपेक्षित असते.

पार्श्वभूमी

तेलविहिरीतून प्रारंभी साठ्यातील नैसर्गिक दाबामुळे तेल वर येते. दाब घटल्यावर साठ्यात पाणी किंवा वायू सोडून उत्पादन टिकवले जाते. तरीही अनेक क्षेत्रांत मूळ साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग खडकातच राहतो. हे तेल मिळवण्याच्या प्रयत्नांतून या पद्धतीचा अभ्यास सुरू झाला.

निरीक्षणे

भूकंपानंतर विहिरींतील पाण्याची पातळी बदलते, हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. १९६४ च्या अलास्का भूकंपाच्या वेळी हजारो किलोमीटर दूरच्या विहिरींतही पाणी हेलकावले. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील केर्न काउंटी येथे झालेल्या भूकंपानंतर परिसरातील काही तेलविहिरींच्या उत्पादनात बदल नोंदवले गेले. पुढे सोव्हिएत संघात कृत्रिम कंपनांचे क्षेत्रीय प्रयोग झाले. इगोर बेरेस्नेव्ह व पॉल जॉन्सन यांनी १९९४ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला.

२००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दक्षिण कॅलिफोर्नियातील विहिरींच्या सुमारे २० वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भूकंपलहरी गेल्यानंतर तेथील खडकाची पार्यता तिपटीपर्यंत वाढल्याचे व नंतर ती हळूहळू पूर्ववत झाल्याचे त्यात आढळले.

कार्यतत्त्व

पाण्याने वेढलेले तेलाचे थेंब खडकाच्या छिद्रांमधील अरुंद वाटांपाशी अडकतात. पृष्ठताणामुळे निर्माण होणारा केशिकीय दाब त्यांना पुढे सरकू देत नाही. कंपनामुळे खडक मागेपुढे हलतो, पण जडत्वामुळे आतील द्रव त्याच्या मागे पडतो. त्यामुळे थेंबावर आलटून पालटून अतिरिक्त बल येते. पाण्याच्या प्रवाहाची दिशा व हे बल एक झाल्यास थेंब अरुंद वाट ओलांडू शकतो. कंपनामुळे छिद्रांत साचलेले सूक्ष्म कण सुटणे व लहान थेंब एकत्र येणे, ही अन्य संभाव्य कारणे आहेत.

साधने

जमिनीवरील कंपनयंत्रे किंवा विहिरीत उतरवलेली आघात करणारी उपकरणे लहरी निर्माण करतात. श्राव्यातीत ध्वनिलहरी खडकात लवकर शोषल्या जात असल्याने त्यांचा उपयोग विहिरीच्या लगतच्या भागापुरता मर्यादित राहतो.

मर्यादा

कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचतात, परंतु अंतर वाढेल तशी त्यांची तीव्रता घटते. मोठ्या भूकंपाइतकी ऊर्जा कृत्रिम स्रोतातून मिळत नाही. काही परिस्थितींत हललेले कण छिद्रे बुजवून पार्यता घटवूही शकतात. शिवाय उत्पादनातील वाढ लहरींमुळेच झाली की पाण्याचा दाब व पंपाचा वेग बदलल्याने, हे वेगळे करणे कठीण असते. त्यासाठी प्रयोगापूर्वीच्या दीर्घ नोंदी आणि उद्दीपन न केलेल्या तुलनायोग्य विहिरी आवश्यक ठरतात. भूकंपलहरींचा भूगर्भातील द्रवांवर परिणाम होतो, हे सिद्ध झाले असले तरी प्रत्येक साठ्यात तो उपयोगी ठरेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही.