एक ओंडका, दोन देश: भारत आणि चीन यांच्या लाकूड-आयातीचा इतिहास

१/ गेल्या उन्हाळ्यात सेलूतील आमच्या आजोळचे माळवद उतरवले. जुन्या सागाच्या तुळया निघाल्या. नव्या स्लॅबच्या सेंट्रिंगला मात्र पिवळट, गाठींच्या फळ्या आल्या. मिस्त्री म्हणाले, "हे पाइन. कांडल्याहून येतं." परभणी जिल्ह्यात परदेशी पाइन का यावे? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/ पाइन, देवदार, स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष. त्यांचे लाकूड हलके आणि कापण्यास सोपे; व्यापारात त्याला सॉफ्टवुड म्हणतात. भारतात त्याचे मुख्य घर हिमालय. दख्खनच्या पठाराची ओळख सागाची.

३/ भारतात कुऱ्हाड टप्प्याटप्प्याने थांबली. १९७३ मध्ये चिपको आंदोलन उभे राहिले. १९८८ च्या वननीतीने वनांकडे महसुलाचे साधन म्हणून पाहणे नाकारले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य-आयोजनेबाहेरील वृक्षतोड देशभर रोखली.

४/ चीनमध्ये निमित्त झाले महापुराचे. १९९८ च्या उन्हाळ्यात यांगत्सेच्या पुराने तीन हजारांहून अधिक बळी घेतले. उगमाकडील उघडे डोंगर हे त्याचे एक कारण मानले गेले. नैसर्गिक वनांतील तोडीवर बंदी आली आणि १९९९ मध्ये ओंडक्यांवरील आयातशुल्क शून्यावर आले.

५/ येथून वाटा वेगळ्या झाल्या. १९९७ मध्ये चीनची ओंडक्यांची आयात सुमारे ४५ लाख घनमीटर होती. २०२१ मध्ये ती ६ कोटींच्या पुढे गेली. त्यात मोठा वाटा सॉफ्टवुडचा. कारण बांधकाम, प्लायवुड आणि निर्यातीचे फर्निचर.

६/ आरंभी हा माल मुख्यतः रशियातून येई. २००८ मध्ये रशियाने ओंडक्यांवरील निर्यातकर २५ टक्क्यांवर नेला. त्याच वर्षी चीन आणि न्यूझीलंड यांच्यात मुक्त व्यापार करार झाला. पुढे न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनने रशियाला मागे टाकले. २०२२ पासून रशियाने सूचिपर्णी ओंडक्यांची निर्यातच थांबवली.

७/ भारताची भूक निराळी. आपल्याला प्रतिष्ठेसाठी साग हवा. तो म्यानमारहून येई. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. प्लायवुडसाठी यमुनानगरच्या गिरण्यांना शेताच्या बांधावरचे पॉप्लर आणि निलगिरी मिळते. म्हणून पाइनची गरज उरली ती पॅकिंगच्या खोक्यांना आणि सेंट्रिंगला. ते कांडल्याला उतरते आणि गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरले जाते.

८/ दोन्ही देशांनी आपले जंगल राखले, पण लाकडाची मागणी कायद्याने घटली नाही. कुऱ्हाड दुसऱ्याच्या रानात गेली. मात्र सर्व आयात एका मापाने मोजू नये. सैबेरियातील नैसर्गिक वन तोडणे वेगळे आणि लावलेले, साधारण २८ वर्षांनी कापून पुन्हा लावायचे न्यूझीलंडचे पाइन वेगळे. ओंडका कोणत्या देशाचा, यापेक्षा तो कोणत्या रानाचा, हा प्रश्न महत्त्वाचा.

९/ आणि आणखी एक: तो किती काळ वापरला? आजोळच्या तुळयांनी तीन पिढ्यांचे छत पेलले. मामांनी त्या चिरून नव्या घराच्या चौकटी केल्या. सात समुद्र ओलांडून आलेली पाइनची फळी चार स्लॅब पाहते आणि चुलीत जाते. आयातीच्या तक्त्यांत दोन्ही लाकडे घनमीटरमध्येच मोजली जातात.

धागा समाप्त.