स्टॅटिक मेथड आणि सिंगलटन

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने जी मेथड बोलावता येते, ती स्टॅटिक मेथड. चालू प्रोग्रॅममध्ये ज्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट राहील अशी तजवीज केलेली असते, तो सिंगलटन. तो एकमेव ऑब्जेक्ट बहुधा स्टॅटिक मेथडमधूनच हाती येतो, म्हणून या दोन्ही गोष्टी सोबत शिकवल्या जातात.

एक उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याला 13 दरवाजे आहेत. पावसाळ्यातली धरणाची स्थिती दाखवणारी वेबसाइट लिहायची झाली, तर ‘दरवाजा’ या क्लासचे 13 ऑब्जेक्ट होतील आणि कोणता दरवाजा किती सेंटीमीटर उघडा आहे, याची नोंद ज्याच्या त्याच्यापाशी राहील. घनमीटर प्रति सेकंदातला विसर्ग क्युसेकमध्ये सांगायला मात्र 35.31 ने गुणले की झाले. तिथे दरवाजा कोणता, याच्याशी कर्तव्य नाही. स्वतःजवळ काहीच न राखणाऱ्या अशा कामासाठी स्टॅटिक मेथड अगदी योग्य. पीएचपी आणि जावामध्ये तिच्या आत ‘धिस’, म्हणजे चालू ऑब्जेक्ट, मिळत नाही, ते याचमुळे.

सिंगलटनला पॅटर्न म्हणून मान्यता मिळाली ती गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या 1994 च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथाने. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करायचा, म्हणजे बाहेरून ‘न्यू’ चालत नाही. क्लासच्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसेल तर स्टॅटिक मेथड तो बनवते, असेल तर तोच परत देते. पीएचपीत क्लोनची वाटही बंद करावी लागते. डेटाबेस कनेक्शन हे याचे नेहमीचे उदाहरण. पण पीएचपीच्या रूढ मांडणीत प्रत्येक रिक्वेस्टगणिक सगळे नव्याने उभे राहते. त्यामुळे शंभर जणांनी एकाच वेळी पान उघडले तर ‘एकमेव’ ऑब्जेक्टही शंभर होतात. जावाचा सर्व्हर सतत चालू असतो. तिथे दोन थ्रेड एकाच क्षणी आत शिरून दोन ऑब्जेक्ट बनवणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.

सिंगलटनचा खरा धोका वेगळाच आहे. आज एकच धरण दाखवायचे म्हणून ‘धरण’ क्लास सिंगलटन केला आणि उद्या त्याच पानावर शहानूर, चंद्रभागा, पूर्णा, सपन हे जिल्ह्यातले इतर प्रकल्पही हवे झाले, तर जिथे जिथे त्या स्टॅटिक मेथडला हाक मारली आहे तो प्रत्येक कोपरा उसवावा लागतो. सध्या एक असणे आणि कायम एकच असणे यांत गल्लत झाली की हे घडते. चाचणीच्या वेळी खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा बसवणेही कठीण होते. ग्रंथकर्त्यांपैकी एरिक गॅमा यांनीच 2009 च्या एका मुलाखतीत सिंगलटन यादीतून वगळण्याच्या बाजूने मत दिले.

त्यापेक्षा लागणारा ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून बाहेरून देणे, म्हणजेच डिपेंडन्सी इंजेक्शन, केव्हाही बरे. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या कंटेनरमध्ये ‘सिंगलटन’ नावाचीच मेथड आहे: एकच ऑब्जेक्ट सांभाळण्याची जबाबदारी कंटेनर घेतो आणि ‘धरण’ हा साधा क्लास राहतो.