टाळेबंदीतले दोन हजार

26 मार्च 2020 ला केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांसाठी दोन हजार रुपये होते. ही वेगळी मदत नव्हती. पीएम-किसान योजना 2019 पासूनच सुरू होती. तिच्या वर्षाच्या सहा हजारांतला पहिला हप्ता एप्रिलमध्येच खात्यावर टाकला गेला. कोरोनाकाळाचा इतिहास लिहिताना हे स्पष्ट लिहायलाच हवं.

आमच्या औसा तालुक्यात तेव्हा आठवडी बाजार बंद होते, टरबुजं शेतातच सडत होती. ग्राहक सेवा केंद्रासमोर चुन्याने आखलेल्या गोलांत माणसं उभी राहत. माझी आत्या पदराला अंगठा पुसून पुसून यंत्रावर ठेवायची. खुरप्याने झिजलेल्या रेषा यंत्रावर उमटतच नव्हत्या. शेवटी पैसे निघाले. त्यात पदरचे घालून सोयाबीनची थैली आली. त्याच खरिपात लातूर-नांदेडकडे अनेकांचं बियाणं उगवलं नाही, दुबार पेरणी करावी लागली. ऑक्टोबरात तर काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगांना कोंब फुटले. मग राज्याने 10 हजार कोटींचं पॅकेज दिलं: जिरायत-बागायतीला हेक्टरी 10 हजार, फळबागांना 25 हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत.

आत्याच्या नावावर सातबारा होता. तिच्या शेजारी दुसऱ्याचं रान बटईने कसणाऱ्याला पीएम-किसानचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण योजना जमीनधारकांचीच. घाम गाळणाऱ्याला वगळून दिलेली मदत अपुरीच आहे. पुढचं संकट येण्याआधी सरकारने बटईदारांची नोंद करावी.