भुतांचं ऑडिट

भुताला मी भीत नाही. भितो तो ऑडिटरला. भूत बिचारं रात्री बारानंतर, म्हणजे ऑफिसची वेळ टाळून येतं; ऑडिटर सकाळी दहाला येतो आणि वर चहाही मागतो. तरीसुद्धा एका ऑडिटरविषयी मला आपुलकी वाटते. तो भुतांचा होता.

हॅरी प्राइस (१८८१–१९४८) त्याचं नाव. पोटासाठी हा गृहस्थ कागद विकायचा आणि उरलेल्या वेळात भुतं तपासायचा. इंग्लंडात, एसेक्स परगण्यातल्या बोर्ली गावी पाद्रीबाबांचं जुनं घर होतं. तिथे म्हणे एक जोगीण फिरायची, घंटा आपोआप वाजायच्या, वस्तू उडायच्या. १९३७ साली प्राइसने हे घर वर्षभरासाठी भाड्याने घेतलं. (भूत आहे म्हटल्यावर आपण भाडं कमी करून मागतो, त्याने भूत आहे म्हणूनच घर घेतलं!) मग 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन पहाऱ्यासाठी ४८ हौशी माणसं गोळा केली आणि त्यांना छापील सूचनांची निळी पुस्तिका दिली.

आता त्याची पेटी उघडू. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून फेल्टचे जोडे. मोजायला पोलादी टेप. दारंखिडक्या बंद करायला फीत आणि शिशाची सिलं. दोरा, खडू, टॉर्च, मेणबत्ती, कॅमेरा. बोटांचे ठसे उठवायला ग्राफाइटची पूड. खोली अचानक गार पडली तर समजावं म्हणून थर्मामीटर. जमिनीची बारीकशी थरथर कळावी म्हणून पाऱ्याची वाटी. शिवाय आयोडीन, बँडेज आणि ब्रँडी. कुणी बेशुद्ध पडलंच नाही, तर त्या बाटलीचा हिशोब कोण ठेवत असेल, हा प्रश्न माझ्यातल्या कारकुनाला पडलाच!

कामाची पद्धतही आमच्यासारखीच. प्रत्येक वस्तूभोवती खडूने वर्तुळ आखायचं, म्हणजे ती सरकली की लगेच कळतं. जे घडेल ते वेळेसकट तिथल्या तिथे लिहायचं. सकाळच्या चहापर्यंत थांबलं की उंदराची घूस होते आणि घुशीची जोगीण. भूत दिसलंच तर जागचं हलायचं नाही, जवळ जायचं नाही. ते बोललं तर नाव, वय, लिंग, मूळ ठिकाण आणि येण्याचं कारण विचारायचं. खातं उघडण्याचा आमचा फॉर्म याहून फारसा वेगळा नाही. फोटो आणि सही तेवढी राहिली.

१९३९ साली ते घर जळालं. प्राइसने त्यावर दोन पुस्तकं लिहिली, ती गाजलीही. पण १९५६ साली डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल या तिघांनी ऑडिटरचंच ऑडिट केलं. बऱ्याच प्रकारांना साधी कारणं निघाली आणि काही ठिकाणी संशयाची सुई खुद्द प्राइसकडे वळली. उत्तर द्यायला तो हयात नव्हता. पुढे त्याच्या बाजूनेही लिहिलं गेलं. पण आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसं का असतात, ते मला त्या दिवशी नीट कळलं. तपासणारा तोच, गोष्ट सांगणारा तोच. मग टोटल जुळते, पण विश्वास बसत नाही.

हे ज्ञान मी घरी एकदाच वापरलं. दादा गेले त्या पावसाळ्यात त्यांची वेताची आरामखुर्ची रात्री करकरायची. आई अंधारातच म्हणायची, "आले वाटतं." मी खुर्चीच्या पायांभोवती खडू ओढला आणि खाली रांगोळी पसरली.

"तपास करताय की स्वागत?" बायकोने विचारलं.

वहीत नोंद केली : २ वाजून १० मिनिटं, करकर. खडूची वर्तुळं जागच्या जागी. पहाटे पाहिलं, तर रांगोळीत इवली इवली पावलं, मधून शेपटीची रेघ आणि बाजूला कुरतडलेल्या वेताचा भुसा.

आई उठायच्या आत मी रांगोळी झाडली, खडू पुसला. प्राइसवर ज्याचा संशय घेतला गेला, ते मी माझ्या घरात धडधडीत केलं.

"काही दिसलं का रे?" आईने विचारलं.

"नाही गं. पण करकरली खरी."

आई समाधानाने चहा ठेवायला गेली. आमच्या बँकेत न जुळणारी रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. दादांची ही नोंद मी तिथेच ठेवली आहे. ते खातं बंद करायची घाई नाही.