वर्तनसाखळीची कल्पना : उगम, खंडन आणि उपयोग

मुलाला सदरा घालावयास, हात धुवावयास किंवा दात घासावयास शिकविताना त्या कृतीचे लहान लहान टप्पे पाडावेत, ते क्रमाने जोडावेत आणि प्रत्येक टप्प्याची अखेर ही पुढील टप्प्याची खूण ठरेल अशी त्यांची साखळी तयार करावी, ही अध्यापनपद्धती आज विशेष मुलांच्या शिक्षणात रूढ झालेली आहे. तिला वर्तनशृंखलन असे म्हणतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास 'वर्तनाची साखळी' हे शब्द निराळ्याच संदर्भात परिचित असतात. माणसाची वाक्ये साखळीप्रमाणे घडत नाहीत, हे दाखविण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास मोठा वाद झाला आणि त्यात साखळीची बाजू हरली. एका क्षेत्रात खंडित झालेली कल्पना त्याच सुमारास दुसऱ्या क्षेत्रात फलदायी कशी ठरली, आणि त्या खंडनातील सत्य पुढे त्या दुसऱ्या क्षेत्रासही कसे मान्य करावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. उगम

विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीचे स्वरूप स्पष्ट करताना ही कल्पना मांडलेली आढळते. स्नायूंच्या एका हालचालीमुळे जी संवेदना उत्पन्न होते तीच पुढील हालचालीस कारण होते, आणि अशा रीतीने एकदा आरंभ झालेली कृती इच्छाशक्तीचा फारसा आधार न घेता शेवटास जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. आपण कोणता मोजा प्रथम घालतो हे चटकन सांगू शकणारे लोक फार थोडे असतील, असेही त्याने जाता जाता नमूद केले आहे. हे निरीक्षण साधे असले तरी आपल्या विषयास महत्त्वाचे आहे. जे आपणांस पक्के येते त्याच्या पायऱ्या आपणांस ठाऊक नसतात. म्हणूनच ते दुसऱ्यास शिकविणे कठीण जाते.

या कल्पनेस प्रयोगशाळेत निश्चित रूप दिले ते बी. एफ. स्किनर याने. १९३७ साली त्याचा 'प्लिनी' नावाचा उंदीर वृत्तपत्रीय कुतूहलाचा विषय झाला होता. हा उंदीर दोरी ओढून काचेची गोटी सोडवी, पुढच्या पायांनी ती उचलून नळीपर्यंत नेई आणि नळीत टाकी. मग त्यास अन्न मिळे. १९३८ च्या ग्रंथात स्किनरने अशा शृंखलांचे विवेचन केले. मधल्या प्रत्येक अवस्थेस दुहेरी काम असते, हे त्यातील मर्म होय. हाती आलेली गोटी मागील कृतीचे बक्षीस असते आणि पुढील कृतीची खूणही असते. साखळीचे प्रशिक्षण शेवटच्या कडीपासून उलट का सुरू करावे, याचे कारणही यातच आहे : अन्नाशी थेट जोडलेली अशी तीच एक कडी असते, आणि तिचे मोल एकदा प्रस्थापित झाले म्हणजे ते मागच्या कडीस उसने देता येते.

२. खंडन

१९४८ साली कॅलिफोर्नियातील एका परिसंवादात कार्ल लॅश्ली याने वर्तनातील क्रमाच्या प्रश्नावर निबंध वाचला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. वादकाची बोटे जलद गतीच्या स्वरावलीत सेकंदाला सोळापर्यंत आघात करू शकतात; एका आघाताची संवेदना मेंदूस पोहोचून तिच्यामुळे दुसरा आघात घडावा इतका अवकाशच तेथे नसतो. तेव्हा क्रम हा मागील कडीकडून येत नाही, तो आधीच आखलेल्या एखाद्या योजनेतून येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. भाषा हे त्याचे प्रमुख उदाहरण होते.

१९५७ साली नोम चॉम्स्कीने हाच मुद्दा व्याकरणाच्या पातळीवर नेला. डावीकडून उजवीकडे एकेक शब्द जोडीत जाणाऱ्या यंत्रास नैसर्गिक भाषेची वाक्यरचना पेलत नाही, हे त्याने दाखविले. मराठीत याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. "जर जो प्रथम येईल तो बोलणार असेल, तर मी थांबतो" या वाक्यात 'जर' चा संबंध 'तर' शी आहे आणि त्यांच्या पोटात 'जो'-'तो' ही जोडी बसलेली आहे. 'तर' येतो तो त्याच्या लगतच्या शब्दामुळे नव्हे. १९५९ साली स्किनरच्या भाषाविषयक ग्रंथावरील चॉम्स्कीचे प्रदीर्घ परीक्षण प्रसिद्ध झाले. न्यायाची गोष्ट म्हणून सांगितले पाहिजे की, त्या ग्रंथातील स्किनरची भूमिका निव्वळ साखळीची नव्हती. तथापि भाषाशास्त्रापुरता वर्तनवादाचा अध्याय त्यानंतर संपला, असे म्हणावयास हरकत नाही.

३. उपयोग

त्याच १९५९ साली टिओडोरो आयलॉन आणि जॅक मायकेल यांनी मनोरुग्णालयातील परिचारिकांनी रुग्णांच्या दैनंदिन वर्तनात घडवून आणलेल्या बदलांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. आपल्या हाताने न जेवणाऱ्या रुग्ण स्त्रिया त्यात होत्या. प्रयोगशाळेतील तत्त्वे जेवणाखाण्याच्या, कपड्यालत्त्याच्या प्रश्नांकडे वळत असल्याचे हे चिन्ह होते.

टप्प्याटप्प्याने शिकविण्याचा मार्ग त्यापूर्वी ठाऊक नव्हता असे नाही. एदुआर सेगँ याने १८४६ आणि १८६६ च्या ग्रंथांत, तत्कालीन समाजाने अशिक्षणीय ठरविलेल्या मुलांना इंद्रिये व स्नायू यांच्या क्रमबद्ध शिक्षणातून पुढे नेता येते, हे प्रतिपादिले होते. मारिया माँटेसरी यांनी सेगँचे ऋण मान्य केले. त्यांच्या बालगृहातील बटणे, हूक आणि नाड्या लावलेल्या चौकटी म्हणजे पोशाखाच्या साखळीतील एकेक कडी सुटी काढून मुलाच्या हाती देण्याचाच प्रकार होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे हाच वारसा परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेला.

परंतु सुट्या कड्या आणि साखळी यांत अंतर आहे. बटण लावता येणाऱ्या मुलास सदरा घालता येतोच असे नाही. कड्या कोणत्या दिशेने जोडाव्यात, हा नवा प्रश्न १९६० नंतर पुढे आला. टॉमस गिल्बर्ट याने १९६२ साली सामान्य शिक्षणासाठीही शेवटाकडून आरंभाकडे जाण्याचा पुरस्कार केला. चड्डी घालण्याचे उदाहरण घेऊ. शिक्षिका मुलाचे दोन्ही पाय चड्डीत घालते, ती गुडघ्यांवरून नितंबांपर्यंत वर ओढते आणि कमरेपर्यंतचे शेवटचे बोटभर अंतर मुलासाठी ठेवते. मूल ती ओढते आणि काम पुरे होते. दुसऱ्या वेळी गुडघ्यापासूनचे अंतर त्याचे. अशा रीतीने प्रत्येक प्रयत्नाची अखेर मुलाच्या हातून होते. पहिल्या टप्प्यापासून आरंभ केल्यास मात्र मूल पाय घालते आणि उरलेले काम दुसरेच कोणी पुरे करते.

१९६५ साली बेन्सबर्ग, कोलवेल व कॅसेल यांनी तीव्र स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असलेल्यांना स्वावलंबनाच्या कृती शिकविण्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बेन्सबर्गने संपादिलेली एक पुस्तिका वसतिगृहांतील सेवकवर्गासाठी निघाली. ज्यांच्या हाती मुलांचा दिवस जात होता त्यांच्याच हाती ही पद्धत दिली गेली, ही गोष्ट तिच्या प्रसाराच्या दृष्टीने मोलाची ठरली. पुढे १९७२ साली मार्क गोल्ड याने कार्यशाळांतील ६४ बौद्धिक अक्षम व्यक्तींना पंधरा आणि नंतर चोवीस भागांचा सायकलचा ब्रेक जोडावयास शिकविले. शिकणाऱ्यास जमले नाही तर दोष शिकविणाऱ्याच्या विश्लेषणाचा, ही गोल्डची भूमिका होती. आतापर्यंत अशा व्यक्तींच्या अपयशाचे खापर त्यांच्या बुद्धीवर फोडले जात असे. गोल्डने ते शिक्षकाच्या कागदावर फोडले.

दिशेच्या प्रश्नाचे मात्र एकच उत्तर मिळाले नाही. एझ्रिन, शेफर व वेसोलोव्स्की यांनी १९७६ साली पोशाखाची सर्व कृती आरंभापासून, हाताला हात देऊन शिकविण्याची रीत मांडली. उलट दिशेने जावयाचे की सबंध कृती प्रत्येक वेळी पुरी करावयाची, याची तुलना १९८० नंतरही चालू राहिली.

४. कडी कोणती मानावयाची?

साखळीच्या पद्धतीतील खरी अडचण दिशेहून निराळी आहे. शाळेतील नळाखाली हात धुवावयास शिकलेले मूल घरी बादली व तांब्या पाहून थबकते. त्याच्या साखळीतील पहिलीच कडी तेथे नसते. लॅश्लीचा आक्षेप येथे प्रत्यक्ष उभा राहतो : 'हात स्वच्छ करणे' ही योजना ज्याच्या मनात आहे तो नळ नसला तरी पाणी शोधतो, ज्याच्यापाशी केवळ कड्या आहेत तो थांबतो. १९७७ साली स्टोक्स आणि बेअर या वर्तनवादी परंपरेतीलच संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, शिकलेली कृती नव्या परिस्थितीत आपोआप उतरते असे गृहीत धरू नये. त्यासाठी अनेक उदाहरणांनी, बदलत्या परिस्थितीत शिकविले पाहिजे. शब्द वर्तनवादाचे राहिले. पण सिद्धान्ताच्या वादात जे हरले होते ते व्यवहाराने या रीतीने पदरात घेतले.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. टप्प्यांच्या याद्या पुष्कळदा इंग्रजीतून येतात. इंग्रजीत वस्त्र अंगावर चढविण्याच्या बहुतेक प्रकारांस एकच क्रियापद पुरते. मराठीत सदरा घालतात, साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात. प्रत्येक क्रियापदामागे हातांच्या हालचालींची निराळी साखळी आहे. ताट आधी घासतात, मग विसळतात. तेथे दोन कड्या भाषेनेच पाडून ठेवलेल्या आहेत. उलटपक्षी "नळ सोडून, हात भिजवून, साबण लावून, चोळून, धुऊन ये" या वाक्यात पाच कामे 'ऊन' प्रत्ययाने ओवली जाऊन पूर्ण क्रियापद शेवटी एकच उरते. प्रौढास ही सोय आहे. शिकणाऱ्या मुलासाठी तिचे पाच सुटे आज्ञार्थ करावे लागतात. भारतात मद्रास येथे जयचंद्रन व विमला यांनी तयार केलेल्या मूल्यमापनपद्धतीत १८ विभागांत ३६० कृतींची मांडणी आहे. अशा यादीतील एकेका कृतीच्या कड्या पाडताना त्या त्या प्रांताची वस्त्रे, भांडी व क्रियापदे यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही.

कृतीत कड्या निसर्गतः पाडलेल्या नसतात. ज्या ठिकाणी मूल अडते त्या ठिकाणी एक कडी अधिक पाडावी लागते. जेथे अडत नाही तेथे दोन कड्यांची एक करता येते. भाषाशास्त्रज्ञ बोलण्याच्या प्रवाहातून वर्ण व पदे वेगळी करतो तेव्हा त्याचीही अशीच परीक्षा होते. साखळीने वाक्याचे स्पष्टीकरण होत नाही हे आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलो आहो, आणि ते योग्यच आहे. परंतु तीच साखळी हाती धरून एखादे मूल आपली चड्डी आपण घालू लागते, हेही तितकेच खरे. मराठीतील दैनंदिन कृतिवाचक क्रियापदांचे बारकाईने वर्णन करून ते शिक्षकांच्या हाती देणे हे काम भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि ते त्यांनी अंगावर घ्यावे.