चर्चिलचे जळालेले चित्र

इतिहासाच्या तासाला मुले एक प्रश्न हटकून विचारतात, "गुरुजी, हा माणूस खरोखर असाच दिसत होता का?" थोरामोठ्यांच्या तसबिरींपुढे उभे राहून मोठ्यांनीही विचारावा असा हा प्रश्न आहे.

विन्स्टन चर्चिलपुरते बोलायचे, तर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याची एकाहून अधिक उत्तरे मिळतात. १८५६ साली स्थापन झालेल्या या चित्रसंग्रहालयात विल्यम ऑर्पेनने १९१६ साली रंगवलेला चर्चिल मांडलेला आहे. चित्र घराण्याकडचे, संग्रहालयाला उसने दिलेले. आदल्याच वर्षी गॅलिपोलीच्या मोहिमेचा विचका होऊन त्याचे आरमारखाते गेले होते. एक्केचाळीस वर्षांच्या त्या चेहऱ्यावर पराभवाची काजळी धरली आहे. तरी घराण्याने ते चित्र जपले.

म्हातारपणाच्या चित्राचे दैव मात्र निराळे. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी, ऐंशीव्या वाढदिवशी, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याला ग्रॅहम सदरलंडने काढलेले चित्र नजर केले. त्यात होता खुर्चीत जड होऊन बसलेला, वार्धक्याने खचलेला पंतप्रधान. आधुनिक कलेचा हा लक्षणीय नमुना आहे, असे चर्चिल म्हणाला आणि सारे सभागृह खो खो हसले. पुढे ते चित्र कोणाच्या दृष्टीस पडले नाही. पत्नी क्लेमेंटाइनने ते नष्ट करविले, हे तिच्या मृत्यूनंतर, १९७८ साली जगाला कळले. त्या चित्रासाठी सदरलंडने आधी केलेली काही कच्ची चित्रे मात्र याच गॅलरीत शाबूत आहेत. चित्राची राख झाली, म्हातारपण काही जळाले नाही!

येथे मला दुसऱ्या काही चित्रांची आठवण होते. १९४३ साली, चर्चिल पंतप्रधान असताना, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव हिंडला आणि त्याने भुकेल्यांची चित्रे काढून आणली. 'हंग्री बेंगॉल' या नावाने त्यांचे पुस्तक आपल्या मुंबईत निघाले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्रकाराच्या घरच्यांनी सांभाळलेली एक प्रत वाचली, आणि तिच्यावरून ते पुस्तक पुढे पुन्हा छापता आले.

एका बायकोने आपल्या नवऱ्याचे म्हातारपण झाकले, हे मी समजू शकतो. मायेपोटी माणसे असे करतात. पण सरकारने आपल्याच प्रजेची भूक झाकली, त्याला माया म्हणता येत नाही. म्हणून शाळेच्या पुस्तकात चर्चिलची तसबीर खुशाल छापावी; मात्र शेजारी चित्तप्रसादने काढलेला एखादा भुकेला चेहराही छापावा, असे मला वाटते. दोन्ही चेहरे एकाच काळाचे आहेत. ते शेजारी शेजारी पाहिले, म्हणजे मुलांच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होईल.