कठडा कोणासाठी?

वसईच्या किल्ल्याच्या तटावर चढणाऱ्याने एकदा दोन्ही अंगांना नीट पाहावे. बाहेरच्या अंगास, म्हणजे जिकडून शत्रू यायचा तिकडे, आडोशाची भिंत आहे. आतल्या अंगास, म्हणजे जिकडे आपलीच माणसे राबत होती तिकडे, आडोसा सहसा नाही. हे वसईपुरतेच आहे असे नव्हे. आपल्याकडील बहुतेक किल्ल्यांच्या फांजीवर हीच तऱ्हा आढळते. चर्या, जंग्या, आडोसे हे सारे बाहेरून येणाऱ्या गोळीसाठी. दगड वाहणारा बेलदार, रात्री पहारा देणारा शिपाई, तेलाचा बुधला घेऊन जाणारा दिवट्या आतल्या बाजूने घसरून पडेल, ही चिंता बांधणाराच्या हिशेबात दिसत नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग उडवून ती घेतली. या दोन तारखांचा इतिहास आपणां सर्वांस पाठ आहे. तटावरून आतल्या बाजूस पडलेल्या माणसांची मात्र बखर नाही.

आमचा आजचा विषय दिसायला अगदी क्षुल्लक आहे. इमारतीच्या गच्चीवर किंवा कारखान्याच्या छपरावर जाण्यासाठी जे चौकोनी भोक ठेवलेले असते, ज्यातून लोखंडी शिडीने माणूस वर येतो, त्या भोकाभोवती कठडा असावा, ही गोष्ट माणसाला इतक्या उशिरा का सुचली? श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, यात इतिहास तो काय? आमच्या मते यात पुष्कळच इतिहास आहे. समाज कोणत्या वस्तूभोवती कुंपण घालतो आणि कोणती वस्तू उघडी टाकतो, यावरून त्याला कोणाची किंमत वाटते ते कळते.

कठडा आपल्याला नवा नाही. विहिरीला कठडा असतो. परंतु तो मुख्यतः लेकरांसाठी, गुरांसाठी आणि पाण्यात केरकचरा जाऊ नये म्हणून. वसईच्या वाड्यांत रहाटाच्या विहिरी होत्या. त्यांवर कामकरी माणूस दिवसभर वावरत असे, आणि जेथे त्याला वाकून काम करावे लागे नेमकी तीच बाजू मोकळी ठेवावी लागे. देशावरच्या जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीतून जिना वर जातो आणि माथ्याशी आडवी झडप असते. ती खाली पाडून कडी घातली की चोराला वर येता येत नाही. झडप चोरासाठी होती, पडणाऱ्यासाठी नव्हती. उघडी असताना ती जमिनीतले एक भोकच असे. धाब्याच्या घरांना उजेडासाठी आणि धुरासाठी माथ्यावर साणे ठेवीत. पाऊस आला की त्यावर काहीतरी झाकण ठेवायचे. तेही घरात पाणी येऊ नये म्हणून.

आमच्या कोकणपट्टीत तर छपरे उतरती आणि कौलारू. त्यांवर माणूस चढायचा तो वर्षातून एकदा, कौले परतण्यासाठी. त्यामुळे गच्चीचा प्रश्नच नव्हता.

जेथे घरे सपाट छपराची, तेथे हा विचार फार पूर्वी झाला. वसईच्या ख्रिस्ती बांधवांना परिचित असलेल्या बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाराने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल, अशा अर्थाची आज्ञा आहे. पश्चिम आशियातील लोक धाब्यावर निजत, धान्य वाळवीत, पाहुण्यांशी बोलत बसत. म्हणून ती आज्ञा. तिच्यातील एक बारकावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. पडणाऱ्याने जपून चालावे असे ती सांगत नाही. दोष घराच्या धन्याकडे जातो. पुढे आधुनिक कायद्याला एवढ्याच मुक्कामाला पोहोचण्यासाठी बरीच पायपीट करावी लागली.

ती पायपीट आपल्या मुंबईतच सुरू झाली. गिरण्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८७५ मध्ये आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. गिरणीमालकांचा कल कायदा नको असाच होता. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या थोड्या लोकांनी मात्र कायद्याचा पाठपुरावा सोडला नाही. अखेर १८८१ चा कारखाना कायदा आला. तो शंभर किंवा अधिक माणसे राबणाऱ्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यावयाचे नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही, आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे, हा त्याचा गाभा. कुंपण हा शब्द येथे कायद्यात आला खरा, पण तो यंत्राभोवती आला. पट्ट्यात हात सापडणे हा त्या काळचा डोळ्यांना दिसणारा अपघात होता. उंचावरून पडणे हे नशिबाच्या खात्यावर मांडले जाई.

नशिबाचे ते खाते बंद करण्याची भाषा प्रथम मजुरांच्याच बाजूने झाली. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण कमी काढली जाते: कामावर असताना जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत मजुराला पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये पदरात पडली. जखमी मजुराला भरपाई देणारा कायदा मात्र १९२३ मध्ये झाला आणि १९२४ च्या जुलैपासून अंमलात आला. लोखंडे १८९७ मध्येच वारले होते.

त्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात इमारतीच्या कामावरचा मजूर आला, पण उंची मोजून. एका मजल्याहून उंच, किंवा जमिनीपासून छपराच्या शिखरापर्यंत बारा फूट वा अधिक उंच, अशा इमारतीवर राबणारा मजूर भरपाईस पात्र, असे त्याच्या पुढील काळातील शब्द होते. म्हणजे पडल्यावर पैसे देण्यासाठी उंची आधी मोजली गेली. पडू नये म्हणून ती मोजणे मागे राहिले. हा उलटा क्रम पाहून कोणास हसू येईल. आम्हांस ते येत नाही.

भोकाकडे कायद्याचे लक्ष ठळकपणे गेले ते १९४८ च्या कारखाना कायद्यात. त्याच्या ३३ व्या कलमात म्हटले होते की, कारखान्यातील टाकी, खड्डा, किंवा जमिनीतील अथवा मजल्यातील उघडे तोंड जर धोक्याचे असेल, तर ते एकतर भक्कम झाकले पाहिजे किंवा त्याला भक्कम कुंपण घातले पाहिजे. पुढे दुरुस्तीने ३२ व्या कलमात, पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर काम करणाऱ्यासाठी कुंपणाची वा अन्य तजवीज करण्याचे बंधन आले. आणि कारखान्यांच्या नियमांत ठिसूळ छपरांचाही विचार झाला: सिमेंटच्या पत्र्यांवर थेट पाय देऊन कोणास चालवू नये, फळ्या किंवा शिड्या आडव्या टाकाव्यात. वसईच्या पूर्वेस, वालीव-सातिवलीकडे, ज्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या तेथील शेडांकडे पाहिले म्हणजे या नियमाचे कारण कळते. उजेडासाठी मधूनमधून पारदर्शक पत्रा घातलेला असतो. चार पावसाळ्यांत त्यावर धूळ आणि शेवाळ बसते, आणि तो शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो. तेही एक भोकच. फक्त झाकलेल्या भोकाचे सोंग घेतलेले.

आता ‘झाकावे किंवा कुंपण घालावे’ या ‘किंवा’ कडे थोडे लक्ष द्यावे, कारण सारी मेख तेथे आहे. मजल्यातला जो खड्डा नेहमी बंदच ठेवायचा, त्याला झाकण पुरते. पण गच्चीवर येण्याचे भोक उघडण्यासाठीच असते. ते उघडले जाते तेव्हाच गच्चीवर माणूस असतो, आणि माणूस नसतो तेव्हा ते बंद असते. म्हणजे झाकणाचे रक्षण नेमके गरजेच्या वेळी गैरहजर. आपली समजूत अशी की पडणारा माणूस कडेवरून पडतो. म्हणून गच्चीच्या कडेला आपण छातीइतकी भिंत बांधतो. भोकातून पडणारा माणूस मात्र गच्चीच्या मधोमध, आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत उभा असतो. टाकीतला गाळ बादलीत भरून तो मागे सरकतो, दोरी ओढता ओढता एकेक पाऊल मागे घेतो, पत्र्याचे एक टोक साथीदाराकडे देऊन दुसऱ्या टोकाबरोबर उलटा चालतो. पाठीमागे डोळे नसतात. तेथे कठड्याची नळी कमरेला लागली की माणूस थांबतो.

या नळीची उंची मनात येईल ती नव्हे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. नळी त्याच्या खाली असेल तर ती अडवण्याऐवजी पालथे पाडते. म्हणूनच निरनिराळ्या देशांनी ठरवलेले आकडे फारसे दूर नाहीत. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत किमान ९५० मिलिमीटर आहे, तर अमेरिकेच्या नियमांत ४२ इंच, म्हणजे एक मीटरहून थोडे अधिक, आणि वरच्या नळीने २०० पौंडांचा रेटा सोसला पाहिजे. वाकलेला किंवा बसलेला माणूस खालून निसटू नये म्हणून मध्ये दुसरी नळी. हत्यार घरंगळून शिडीवरच्या माणसाच्या डोक्यात पडू नये म्हणून तळाशी आडवी पट्टी. जेथे शिडी वर येते तेथे कठड्याला वाट सोडावीच लागते, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत चतुर कल्पना त्या वाटेतच आहे. तेथे आपोआप मिटणारे फाटक बसवावे, आणि ते भोकापासून दूर उघडावे. चुकून त्यावर रेललेला माणूस मग भोकात जात नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये आपले नियम नव्याने लिहिले त्यांत, भोकाच्या कठड्याला असे फाटक तरी हवे, नाहीतर वाट अशी वळवून काढलेली हवी की सरळ चालत भोकात जाता येऊ नये, असे आहे. साखळी लावून भागते, असे म्हणणारे भेटतात. पण साखळी माणसाला आठवणीने लावावी लागते, आणि दोन्ही हातांत बादल्या असलेल्याला ती आठवत नाही.

येथे वसई-विरारचा इतिहास आड येतो. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी जाऊ लागली, १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली, आणि पुढच्या काही दशकांत कौलारू घरांच्या जागी चार-पाच मजल्यांच्या सपाट छपराच्या इमारती आल्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. इमारतीबरोबर गच्ची आली, आणि पाण्याची ओढ असल्याने गच्चीवर टाकी आली. टाकी धुवायची तर वर चढणे आले. गळती थांबवायची, पत्र्याची शेड घालायची, तारा ओढायच्या, सौरपट्ट्या पुसायच्या, हे सारे काम आता छपरावर आहे. पूर्वी वर्षातून एकदा कौले परतणारा चढत असे. आता महिन्याला कोणी ना कोणी चढतो.

हा चढणारा माणूस कारखान्यातला नव्हे, म्हणून १९४८ च्या कायद्याला तो दिसत नव्हता. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये निराळा कायदा झाला, १९९८ मध्ये केंद्राचे आणि २००७ मध्ये महाराष्ट्राचे नियम आले. त्यांत पडण्यापासून रक्षणाची, उघड्या तोंडांना झाकण वा कठडा घालण्याची सविस्तर तजवीज होती. परंतु तो कायदा दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांचा. संसदेने २०२० मध्ये हे जुने कायदे एका संहितेत गोवले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बांधकामाच्या बाबतीत दहाचा आकडा तिच्यातही आहे. टाकी धुवायला मात्र दहा माणसे येत नाहीत. दोन येतात. एक वर, एक खाली. सकाळी नाक्यावर मजुरी ठरते, दुपारी काम संपते, आणि कोणत्याही हजेरीपटावर त्यांचे नाव चढत नाही. १८८१ ला शंभराखालचा मजूर दिसत नव्हता, आज दहाखालचा दिसत नाही. दीडशे वर्षांच्या आसपास आपण एवढे अंतर चाललो आहोत.

ते उरलेले अंतर निरीक्षकाने चालावे, अशी वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. गच्ची सोसायटीची, भोक सोसायटीचे, आणि ते बांधून घेताना कठडा गाळला तोही इमारतीच्या धन्याने. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीचा असा कठडा वसई-नालासोपाऱ्याचा कोणताही वेल्डिंगवाला करून देऊ शकेल. गच्चीला भोके पाडली की पाणी झिरपते, ही सेक्रेटरींची तक्रार खरी आहे, म्हणून खांब स्लॅबमध्ये न रोवता भोकाच्या उंच काठाला बाहेरून आवळून बसवण्याची रीत निघाली आहे. शिडीच्या माथ्याशी हाताला धरण्यासाठी दोन उभे दांडे मात्र विसरू नयेत, कारण शिडी सोडून गच्चीवर पाय टाकतानाचा तो एक क्षण सर्वांत कच्चा असतो. टाक्या धुवून घेण्याची घाई दरसाल मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला असता सुरू होते. मोजमाप घेणे, नळी कापणे, बसवणे आणि फाटक दोनदा उघडून-मिटून पाहणे यासाठी त्याआधी पुरेसे दिवस हातात असतात.